ईओ अक्षरांची लेन्स पाठवणाऱ्यांना

माझा ॲनिव्हर्सरी स्पीड ग्राफिक हा जुना कॅमेरा पुन्हा उभा राहिला तो तुमच्यामुळे. कोडॅक एक्टार १२७ मिमी लेन्सच्या क्रमांकातली 'ईओ' ही अक्षरं म्हणजे १९४६, हे तुम्हीच शिकवलंत. त्याआधी मी पुढच्या काळातली लेन्स बसवायला निघालो होतो. ज्यांनी कलार्ट रेंजफाइंडरचा, म्हणजे दोन प्रतिमा जुळवून फोकस साधणाऱ्या भागाचा, अर्धपारदर्शक आरसा काढून दिला, त्यांचे तर किती आभार मानू! जुना इतका फिका पडला होता, की दोन प्रतिमा जुळताना दिसतच नव्हत्या. कॅमेऱ्याचा घडीचा भाता जोडायला मदत केलीत, पडद्याच्या शटरचा ताण धीराने समजावलात. काल सेकंदाच्या हजाराव्या भागाचा खटका वाजला आणि डोळे भरून आले. पहिली चार बाय पाच इंची प्रिंट तुम्हालाच पाठवतो.