शहापूरच्या अण्णांना जाहीर आभार

आदरणीय अण्णा,
साष्टांग नमस्कार वि. वि.

तोंडावर आभार मानायला लागलं की तुम्ही "असू दे की" म्हणून विषय बदलता. म्हणून चारचौघांत लिहिते आहे.

माझ्या टाकीतल्या येलो लॅब माशांची पिल्लं आता बोटाच्या पेराएवढी झालीत आणि पिवळा रंगही छान धरलाय. हे सगळं तुमच्यामुळे.

मादीने चारा सोडला आणि गळ्याखाली पिशवी फुगली, तेव्हा भेटेल तो एकच सांगत होता: तोंड उघडून अंडी काढून घ्या. तुम्ही मात्र म्हणालात, "आई आहे ती. तिचं काम तिला करू दे." नुसतं सांगून थांबला नाहीत, कारणही समजावलंत. आफ्रिकेच्या मलावी सरोवरातल्या या सिक्लिड कुळातल्या माशाची मादी अंडी तोंडातच उबवते. आत ती सतत घोळवत असते, त्यामुळे प्रत्येक अंड्याला ताजं पाणी मिळतं. मग मी काचेला डोळा लावून बघितलं. तिचा जबडा हळूहळू चावल्यासारखा हलत होता आणि ताणलेल्या कातडीतून आतले गोळे पुसट दिसत होते. पाण्याला २६ अंश ऊब असली तर पिल्लं बाहेर यायला साधारण ३ आठवडे लागतात. तेवढे दिवस तिला त्रास द्यायचा नाही, घाबरली तर ती अंडी गिळते. रात्री दिवा बंद करून जाळीने अलगद वेगळ्या टाकीत कशी हलवायची, तेही तुम्हीच शिकवलंत.

महागडी पावडर घ्यायला निघाले होते, तर तुम्ही फिल्टरमध्ये शिंपल्यांचा चुरा घालायला लावलात. या माशांना ८ च्या आसपास पीएचचं जड पाणी लागतं, ते त्यावर टिकलं. दुकान तुमचं, तरी पावडर विकली नाहीत. याचं मला फार मोल वाटतं.

आणि श्रावणातली ती रात्र! संध्याकाळी गेलेली वीज परत येईना, स्पंज फिल्टर बंद, हीटर बंद. आपल्या बेळगावचा पाऊस लागला की घरातही गारठा शिरतो. मी फोन केला आणि तुम्ही रेनकोट चढवून वडगावपर्यंत आलात, पिशवीत सेलवर चालणारा एअर पंप घेऊन. घरातलं घोंगडं मागून तुम्ही टाकीभोवती गुंडाळलंत. मादी दगडाआड स्थिर होती, तोंड घट्ट मिटलेलं. ते बघूनच तुम्ही चहाला हात लावलात.

पिल्लं बाहेर पडल्यावर तिला लगेच मोठ्या टाकीत सोडू नको, आधी खाऊन अंगात बळ येऊ दे, हे तुमचं सांगणं तर कुणाला सुचलंच नसतं. सगळ्यांचं लक्ष पिल्लांकडे. उपाशी राहिलेल्या आईची आठवण तुम्हालाच झाली.

आमच्याकडे गोव्याचं कालुंदर येतं, बाजारात चिलापी मिळते. दोन्ही सिक्लिडच, हेही तुमच्याकडूनच कळलं. आता सासूबाई मासे साफ करता करता मुलांना ते सांगतात.

चांगल्या वाढीची काही पिल्लं तुमच्यासाठी वेगळी ठेवलीत. पैशांचं नाव काढायचं नाही. दिवाळीआधी आणून देते, टाकी तयार ठेवा. काकूंना नमस्कार.

आपली,
वडगावची सूनबाई