रिकाम्या खुर्चीचे स्मारक

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

येथे अमेरिकेत सप्टेंबरचा तिसरा शुक्रवार युद्धकैदी आणि बेपत्ता सैनिकांच्या स्मरणाचा दिवस म्हणून पाळतात. यंदा शेजारच्या आजींबरोबर मी आमच्या गावातल्या स्मारकापाशी गेले होते. आपण सैनिकांविषयी नेहमी आस्थेने विचारता, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

स्मारक अगदी लहान आहे. काळ्या दगडाची एक खुर्ची, तिच्यावर कोणी बसू नये म्हणून लावलेली साखळी, आणि मागे काळा ध्वज. ध्वजावर मान खाली घातलेल्या माणसाची पांढरी आकृती, टेहळणीचा मनोरा, काटेरी तार आणि ‘तुमचा विसर पडलेला नाही’ अशा अर्थाचे शब्द आहेत. व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या एका वैमानिकाच्या पत्नीने, मेरी हॉफ यांनी, आपल्या माणसांसाठी ध्वज असावा असा आग्रह धरला आणि त्यातून तो निर्माण झाला. सरकारी समितीतून नव्हे, एका घरातल्या वाट पाहण्यातून तो आला, हे मला फार मोलाचे वाटते.

त्या दिवशी खुर्चीसमोर एक गोल मेज मांडले होते. पांढरे कापड, एक लाल गुलाब, पेटती मेणबत्ती, उपडा ठेवलेला पेला आणि बशीत लिंबाची फोड व चिमूटभर मीठ. लिंबू त्यांच्या वाट्याला आलेल्या कडवटपणाचे, मीठ घरच्यांच्या अश्रूंचे. भाषणे संपेपर्यंत उन्हाने फोडीच्या कडा सुकून आत वळल्या होत्या, आणि माझी नजर तेथून हलत नव्हती.

आजींचे मामा कोरियाच्या युद्धात बेपत्ता झाले. त्या युद्धातल्या सुमारे साडेसात हजार अमेरिकी सैनिकांचा पत्ता अजून लागलेला नाही. दुसऱ्या महायुद्धापासूनचे सगळे धरले तर आकडा 80 हजारांच्या वर जातो, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक समुद्रात गेले असे मानतात. आपल्याकडे ज्याची तिथी ठाऊक नाही त्याचे श्राद्ध सर्वपित्री अमावस्येला करतात, पण त्यासाठीही तो गेला हे आधी मनाने मान्य करावे लागते. आजींच्या आईला ते शेवटपर्यंत जमले नाही.

वॉशिंग्टनमधल्या व्हिएतनाम स्मारकाच्या भिंतीवर तर हा फरक दगडातच कोरला आहे. मृताच्या नावापुढे पत्त्यांतल्यासारखी चौकट, बेपत्ता माणसाच्या नावापुढे क्रूस. अवशेषांची ओळख पटली की त्या क्रूसावरच चौकट कोरतात, आणि कोणी जिवंत परतला तर क्रूसाभोवती वर्तुळ काढायचे ठरले आहे. असे वर्तुळ आजवर एकदाही काढावे लागलेले नाही.

शोध मात्र थांबलेला नाही. 2018 मध्ये उत्तर कोरियाने 55 पेट्या परत केल्या. त्यांत अनेकांची हाडे एकमेकांत मिसळलेली होती. ती वेगळी करण्यासाठी नातेवाइकांच्या गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घेतात. एक विशिष्ट डीएनए आईकडूनच मुलांना मिळतो, म्हणून बहिणीची मुले येथे फार उपयोगी पडतात. इंग्रजीत काका आणि मामा यांना एकच शब्द आहे, पण या चाचणीला मामा आपल्यासारखाच वेगळा ओळखता येतो! आजींनी आपला नमुना केव्हाच दिला आहे. ‘आईने सांगितलेले एवढे एकच काम राहिले होते,’ असे त्या मला म्हणाल्या.

बेपत्ता सैनिकांच्या कुटुंबांना तपासाची माहिती देण्यासाठी सरकारी अधिकारी निरनिराळ्या शहरांत बैठका घेतात. पुढच्या महिन्यातली बैठक येथून चार तासांच्या अंतरावर आहे. आजींना आता एवढ्या लांब गाडी चालवत नाही, म्हणून मी रजा काढली आहे; मामांचा गणवेशातला फोटो त्यांनी आत्ताच पिशवीत घालून ठेवला आहे.

आईस साष्टांग नमस्कार. प्रकृतीस जपावे.

आपली लेक