वरची पाच सेंटिमीटर ओल आणि खालची जमीन

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकातला जमिनीच्या मूल्यांकनावरचा लेख वाचून राहवलं नाही. उपग्रहावरून ओल कळते, तेव्हा खड्डे खणून मृदा सर्वेक्षण करायचे दिवस संपले, असं लेखकाने बिनदिक्कत लिहून टाकलं आहे. २०१५ साली सोडलेला 'स्मॅप' उपग्रह वरच्या सुमारे ५ सेंटिमीटर मातीतली ओल टिपतो. झाडाची मुळं तेवढ्यावर भागवत नाहीत.

मी जमीन घेतली तेव्हा अहवालात 'निचरा उत्तम' असं लिहिलेलं होतं. पाहणी भर उन्हाळ्यात झाली होती आणि खड्डा जेमतेम वीतभर. मी विश्वासाने लिंबं लावली. तिसऱ्या वर्षी पानं पिवळी पडली. एक झाड उपटलं, तर मुळं काळी आणि साल हाताला निसटून येत होती. तिथंच खणलं. दोन फुटांवर राखाडी माती आणि तिच्यात गंजासारखे नारिंगी ठिपके! पाणी साचून हवा कोंडली की मातीतल्या लोहाचा तांबूस रंग उडतो, पाणी ओसरून हवा शिरली की तेच लोह पुन्हा गंजतं. म्हणजे ती जमीन दरवर्षी काही महिने चिबडत होती. पाहणीच्या दिवशी ओल मोजली असती तर ठणठणीत कोरडीच भरली असती. ठिपके मात्र तेव्हाही तिथंच होते, कुणी दोन फूट खाली पाहिलं असतं तर!

'जास्त ओल म्हणजे जास्त चांगली जमीन' हेही लेखात गृहीतच धरलंय. चिकणमाती पाणी भरपूर धरते, पण त्यातलं बरंचसं इतकं घट्ट की मुळांना ओढताच येत नाही. पोयट्यात ओल कमी भरली तरी पिकाच्या वाट्याला अनेकदा जास्त येते. शिवाय जमीन चांगली कशासाठी? अन्न व कृषी संघटनेने १९७६ च्या मूल्यांकन आराखड्यातच सांगितलंय, की योग्यता ठरवायची ती विशिष्ट वापरासाठी. भाताला मानवणारं साचलेलं पाणी लिंबाला मारतं. माझी लिंबं त्यानेच गेली.

आणि एक. लेखासोबतच्या रंगीत नकाशाला सूचीच नाही. निळा म्हणजे ओला की खोल माती, वाचकाने काय समजायचं? कृपया तोच नकाशा सूचीसह पुन्हा छापावा, आणि ओल किती खोलीवरची आहे तेही त्याखाली लिहावं.

आपला,
एक नियमित वाचक