मंत्रीसाहेब, आमच्या गवतावर हसलात, आता फेलोशिपचं बोला

मा. मंत्रीमहोदय, सप्रेम नमस्कार.

परवा ठाण्यातल्या कार्यक्रमात तुम्ही स्टेजवरून म्हणालात की इथे गाईला चारा नाही आणि आमची पोरं बर्फातल्या गवतावर पीएचडी करतायत. हॉल खो खो हसला. त्या पोरांतली एक मी, मागच्या रांगेत बसले होते. फेलोशिपचा हप्ता दिवाळीआधी देतो हेही तुमचेच शब्द होते, दिवाळी गेली होळी गेली, पोर्टलवर अजून 'अंडर प्रोसेस'.

हसून झालं असेल तर ऐका. नॉर्वेत टिमोथी नावाचं गवत लावतात, थंडी वाढत जाते तसं ते बुंध्यात साखर साठवून काटक होतं, वर भुसभुशीत बर्फ पडला की गोधडीच मिळाली. घोळ कधी होतो, तर मधेच उबारा येऊन बर्फ वितळतो, पाऊस पडतो आणि सगळं परत गोठतं, त्या काचेसारख्या थराखाली हवा जात नाही आणि गवत गुदमरतं. बास्ग्रा नावाचं कॉम्प्युटर मॉडेल या गवतासाठी रोजचं तापमान, ऊन, पाऊस घेऊन पानं किती, फुटवे किती, साठा किती उरला आणि उणे कितीला अर्धी रोपं मरतील याचा हिशोब लावतं. कॅनडावाल्यांचं कॅटिमो हे टिमोथीचंच मॉडेल तर २००२ चं. आपल्याकडे लडाख नाही का? चांगथांगात चारा बर्फाखाली गेला की पश्मिन्याच्या बकऱ्या उपाशी मरतात, त्यांना तुमचं भाषण घालायचं का? मी तिथल्या चाऱ्यासाठीच हा हिशोब बसवतेय, घणसोलीच्या भाड्याच्या खोलीत घामाघूम होत, भाडं आईच्या पेन्शनमधून, आणि आलेली स्थळं विचारतात गवत म्हणजे नक्की काय करते मुलगी.

चाऱ्याची एवढी काळजी असेल तर देशात हिरव्या चाऱ्याची तूट किती ते तरी एकदा ठरवा, एका सरकारी कागदावर ३५ टक्के, दुसऱ्यावर ११. झाशीची चारा संशोधन संस्था १९६२ पासून आहे, म्हणजे घाई कुणालाच नाही. स्टेशनपासून तीन हात नाक्यापर्यंत तुमच्या वाढदिवसाचे बॅनर लागले होते, त्या छपाईत आमच्यासारख्या दहा जणांची फेलोशिप निघाली असती, पैज लावते. टेबलावरचा माणूस बदलला की फाइल पहिल्यापासून, सर्टिफिकेट परत जोडा, साहेब मीटिंगला, सर्व्हर डाऊन. आणि वर विचारायचं पोरं बाहेर का जातात.

माझा नंबर अर्जावर आहे, अर्ज तुमच्याच ऑफिसात आहे, सापडला तर फोन करा.

एक गवतवाली, घणसोली