लॅबमामा, त्या 105 प्लेट्सबद्दल

आदरणीय मामा,
स. न. वि. वि.

घराजवळच्या झाडाखालची माती आणायची आणि तिच्यात प्रतिजैविक तयार करणारे जिवाणू शोधायचे, हे दुसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलमध्ये घातलं तेव्हा आमच्या कागदावर एवढंच होतं: 15 गट, प्रत्येकी 7 प्लेट्स. तीन डायल्युशनच्या, म्हणजे सलाइनमध्ये (मिठाच्या पाण्यात) पातळ केलेल्या मातीच्या, दोन-दोन आणि एक कंट्रोल, म्हणजे माती न घालता नुसतं सलाइन टाकलेली. प्रेप रूममध्ये पोचेपर्यंत त्याच ओळीच्या 105 प्लेट्स होतात, 2100 मिली स्टार्च केसीन अगार, म्हणजे जिवाणू वाढवायचं माध्यम, होतं, आणि ते 15 फ्लास्कमध्ये 140-140 मिली वाटून ठेवावं लागतं. वेळापत्रकात मात्र तीन तासांचं प्रॅक्टिकलच दिसतं.

नेहमीच्या प्रॅक्टिकलचं उत्तर जर्नलमध्ये आधीच असतं. ग्रॅम स्टेनिंग फसलं तर मुलं शेजारच्या टेबलावर डोकावून 'जांभळे दंडगोल' लिहून मोकळी होतात. अभ्यासक्रमातच संशोधन आणलं की ही सोय जाते. अमेरिकेत याला 'क्युअर' म्हणतात. तिथे 2008 पासून पहिल्या वर्षाची मुलं मातीतून जिवाणूंचे विषाणू, म्हणजे फाज, वेगळे काढताहेत. स्ट्रेप्टोमायसीनही 1943 मध्ये मातीतल्याच जिवाणूपासून मिळालं, आणि तो जिवाणू वेगळा काढणारे अल्बर्ट शाट्झ तेव्हा विद्यार्थीच होते. अशा कामात उत्तर शिक्षकांनाही ठाऊक नसतं. प्लेटवरची जिवाणूंची वसाहत कळव्याच्या मातीतली की आपल्याच हलगर्जीपणातली, हे सांगणारी साक्षीदार एकच, कंट्रोल प्लेट. ती खरं बोलेल की नाही, हे तुमच्या ओट्यावर ठरतं.

ते माध्यम काही डब्यातलं तयार पीठ नव्हे. लिटरला 10 ग्रॅम स्टार्च थेट उकळत्या पाण्यात टाकलं की बिघडलेल्या पिठल्यासारख्या गुठळ्या होतात. म्हणून ते आधी थंड पाण्यात कालवून मग ओतायचं. केसीन फक्त 0.3 ग्रॅम, पण साध्या पाण्यात विरघळत नाही. त्याला थोडं सौम्य सोडियम हायड्रॉक्साइड लागतं आणि मग पीएच पुन्हा 7 ते 7.2 वर आणावा लागतो. बुरशी रोखणारं नायस्टॅटिन ऑटोक्लेव्हनंतर (दाबाच्या वाफेत निर्जंतुक केल्यावर), फ्लास्क हाताला सोसेल इतका निवल्यावरच. अगार गरम ओतलं तर झाकणावर पाणी धरतं, थेंब खाली पडतात आणि वसाहती एकमेकींत मिसळतात. पावसाळ्यात तर हे ठरलेलंच.

ऑटोक्लेव्हची वाफ सलग सुटेपर्यंत व्हॉल्व्ह उघडा ठेवायचा, ही तुमची शिस्त मुलांना कंटाळवाणी वाटते. आत हवा अडकली तर काटा 15 पौंडांवर जातो, पण तापमान 121 अंशांवर पोचत नाही. काटा खोटं बोलतो आणि चूक कळते चार दिवसांनी.

नऊ गटांच्या कंट्रोलवर एकसारखी गुलाबी वसाहत उगवली तेव्हा सगळे मुलांच्या हाताकडे बोट दाखवत होते. तुमच्या रजिस्टरमध्ये बॅच नंबर, तारीख, पीएच आणि वजन करणाऱ्याची सही होती. नऊही गटांचं सलाइन बॅच 4 चं निघालं. बाकी सहा गटांचं बॅच 5 चं, आणि त्यांची कंट्रोल स्वच्छ. बॅच 4 गरम असतानाच घाईत बाहेर काढली गेली होती आणि कापसाचे बोळे ओले राहिले होते. ओल्या बोळ्यातून जिवाणू वातीवर तेल चढावं तसे आत शिरतात. कुठल्या प्लेट्स टाकायच्या आणि कुठल्या ठेवायच्या, हे त्या रजिस्टरमुळे दहा मिनिटांत ठरलं.

ऑक्टोबरची गोष्ट वेगळी. साध्या इनक्युबेटरला फक्त तापवता येतं. खोलीच 34 अंशांवर असली की 28 वर लावलेला खटका शोभेचा. तुम्ही थंडही करू शकणाऱ्या बीओडी इनक्युबेटरचे खालचे दोन कप्पे रिकामे करून दिलेत, प्लेट्स उलट्या ठेवून पिशव्यांत बांधल्यात, म्हणजे सात दिवसांत अगार सुकणार नाही. सातव्या दिवशी दार उघडलं आणि पहिल्या पावसाचा वास आला. खडूच्या भुकटीसारख्या, अगारात रुतून बसलेल्या वसाहती. नुसता लूप (तारेचं कडं) फिरवला तर घसरतो, खरवडावंच लागतं. तो वास जिओस्मिनचा, ते बनवणारे स्ट्रेप्टोमायसीस. (प्लेट नाकाशी न्यायची नाही, हे तुम्ही आमच्याआधी ओरडलात, तेही बरं झालं.)

बॅसिलस सबटिलिस या चाचणीच्या जिवाणूच्या थरावर दोन गटांच्या वसाहतींभोवती स्वच्छ कडं दिसलं, म्हणजे तिथे तो जिवाणू वाढला नाही. एकदा दिसलेल्या कड्याला अर्थ नाही, तीच चाचणी परत लागते. न मागता तुम्ही 20 प्लेट्स जास्तीच्या ओतून ठेवल्या होत्या, म्हणून दुसरी फेरी त्याच आठवड्यात झाली. एका गटाचं कडं पुन्हा आलं, दुसऱ्याचं नाही.

दोन्ही गटांच्या अहवालात तुमच्या रजिस्टरची पानं जोडली आहेत. पुढच्या सत्राच्या वेळापत्रकात प्रेपचे दोन दिवस वेगळे मागितले आहेत. तो अर्ज तुमच्या टेबलावर ठेवलाय, आकडे एकदा तपासून द्या.

आपले,
सूक्ष्मजीवशास्त्र विभागातले शिक्षक, ठाणे