जाते नुसते मांडून ठेवू नका

महोदय,

ग्रामीण जीवनाचे दर्शन म्हणून जाते मांडून ठेवण्याची पद्धत हल्ली बरीच रूढ झाली आहे. जवळ जाऊन पाहिले तर मात्र अनेकदा माकडी गायब असते, खुंटा सैल असतो आणि कधी कधी दोन वेगळ्या जात्यांच्या तळ्या, म्हणजे दगडी चकत्या, एकमेकींवर ठेवलेल्या असतात. असे जाते फिरत नाही, आणि जे फिरत नाही त्यावरून दळणाची काहीच कल्पना येत नाही.

जात्याची सारी करामत माकडीत आहे. वरच्या तळीच्या तोंडात आडवी बसवलेली ही लाकडी पट्टी खालच्या तळीच्या खुंटीवर टेकते आणि दगडाचा भार तोलते. तिच्याखाली चिंधी घालून तळ्यांमधले अंतर किंचित वाढवले की डाळ भरडता येते, चिंधी काढली की पीठ बारीक उतरते. वैरणही, म्हणजे दळायचे धान्यही, फेऱ्याच्या लयीत मुठीमुठीने घालावी लागते. जास्त पडली तर पीठ जाडसर येते, कमी पडली तर दगडावर दगड घासून पिठात कच येते. तळ्या गुळगुळीत झाल्या की त्यांना टाकी लावून, म्हणजे छिन्नीने टोचून पुन्हा खरखरीत करून घ्यावे लागे. त्यानंतरचे पहिले दळण कोंड्याचे काढून टाकून देत, कारण दगडाची कच त्यातच उतरत असे. ही माहिती ज्यांच्या हातात आहे त्या बायका आता वृद्ध झाल्या आहेत, आणि टाकी लावणारे कारागीर तर क्वचितच भेटतात.

पहाटे उठून घरादाराचे दळण दळणे हे अतोनात कष्टाचे काम होते, त्यामुळे पिठाच्या गिरणीने बायकांची त्यातून सुटका केली हे चांगलेच झाले. जाते पुन्हा घरोघरी यावे असे माझे म्हणणे मुळीच नाही. पण हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आज त्यांतल्या कित्येक ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर ऐकायलाही मिळतात; मग ज्या दगडाच्या फेऱ्यावर त्या ओव्या जुळल्या, तो दगड चालवण्याच्या कौशल्याची नोंद तितक्याच आस्थेने व्हायला हवी.

म्हणून ग्रामपंचायती, शाळा आणि वस्तुसंग्रहालये यांना विनंती आहे की, त्यांनी निदान एक तरी जाते सर्व भागांसह, टाकी लावून, चालते ठेवावे आणि गावातील जाणत्या बायकांना बोलावून माकडी बसवण्यापासून पीठ भरून घेण्यापर्यंतचे प्रत्येक काम, त्यांच्याच शब्दांत आणि त्यांच्या नावानिशी, चित्रित करून ठेवावे.

— एक वाचक