सूत हातात देणाऱ्या चाचांना

आदरणीय चाचा,

सप्रेम नमस्कार.

आमच्या तंबोऱ्याची जवारी लावून, म्हणजे तारा ज्या पट्टीवर टेकतात ती घोडी घासून आवाज खुलवून, दिल्याबद्दल तुम्ही सांगितलेले पैसे मी दिले आणि तो व्यवहार तिथेच पूर्ण झाला. त्याच दुपारी माझ्या मुलीला तुम्ही जे दिलेत त्याचे मात्र कुठलेही बिल झाले नाही, म्हणून हे जाहीर पत्र लिहीत आहे. नाव छापलेले तुम्हाला रुचणार नाही, हे जाणून ते घालत नाही. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत ज्यांनी ओळखायचे ते ओळखतीलच.

तुमच्याकडे येण्याआधी ही मुलगी आपला प्रश्न घेऊन बरीच हिंडली होती. आठवीच्या विज्ञानात ध्वनीचा धडा आहे आणि ती गाणेही शिकते, त्यामुळे प्रश्न अगदी साहजिक होता. तंबोऱ्याची तार छेडल्यावर आवाज लगेच विरण्याऐवजी आधी फुलत का जातो, आणि चारही तारा पंचम (प) व षड्जाला (सा) लावलेल्या असताना त्यांतून गंधार (ग) कुठून ऐकू येतो? शाळेत तिला सांगण्यात आले की हे परीक्षेला येत नाही, नादकाट्याची आकृती तेवढी नीट काढ. शिकवणीच्या वर्गात, जिथे भिंतभर पडद्यावर सगळे काही हलते-बोलते दाखवतात आणि फीसुद्धा त्याच मापाने घेतात, तिला वारंवारतेची व्याख्या पुन्हा एकदा लिहून देण्यात आली. एका विज्ञान केंद्रात तर तारेचे उपकरण काचेआड होते आणि काचेवर ‘हात लावू नये’ अशी पाटी होती. ही सगळी मंडळी २८ फेब्रुवारीला सी. व्ही. रामन यांच्या तसबिरीला न चुकता हार घालतात. त्याच रामन यांनी १९२१ साली तंबोरा आणि वीणा यांच्या घोडीवर शोधनिबंध लिहिला होता, हे त्यांतल्या कुणाच्या गावीही नव्हते.

तुम्ही तिला समजावून सांगायला बसला नाहीत. वर्षानुवर्षांच्या वापराने तारांनी घोडीवर पाडलेले चर तुम्ही तिला दाखवलेत, तिचे बोट त्यांवरून फिरवलेत आणि मग कानस हातात घेतलीत. घोडीचा माथा सपाट नसतो, त्याला डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढाच बाक असतो आणि सगळी करामत त्या बाकात असते, हे तिला बोटाने कळले. असे का होते, हे तिने विचारल्यावर तुम्ही म्हणालात की ते तुम्हाला सांगता येणार नाही, पुस्तकात शोधावे लागेल, पण कुठे होते ते दाखवता येईल. ज्यांच्या नावापुढे पदव्या आहेत अशा कुणाच्याही तोंडून तिने तोवर ‘मला सांगता येणार नाही’ हे वाक्य ऐकले नव्हते.

मग तुम्ही सुताचा तुकडा तिच्या हातात दिलात आणि तो तार व घोडी यांच्यामध्ये सरकवायला सांगितलात. तिने तो सरकवला, तार छेडली आणि सवयीने तुमच्या चेहऱ्याकडे पाहिले. तेव्हा “माझ्या तोंडाकडं बघू नको बेटा, तारेकडं कान दे,” असे म्हणून तुम्ही चक्क भिंतीकडे तोंड करून, तिला पाठमोरे बसलात. चाचा, या पत्राचे कारण एवढेच आहे. आमची मुले शिक्षकांच्या भुवयांवरून उत्तर ओळखण्यात तरबेज झाली आहेत. भुवई चढली की उत्तर बदलायचे, मान हलली की ते वहीत उतरवायचे. तुम्ही भुवयाच काढून घेतल्यात, आणि मग तिच्याजवळ कानांशिवाय काही उरले नाही. सूत केसभर पुढे गेले की आवाज बद्द व्हायचा, मागे आले की चिरका. दारात एक गिऱ्हाईक सतार घेऊन ताटकळत उभे होते. त्यांनाही तुम्ही न बोलता, हाताच्या खुणेनेच थांबवलेत. अखेर एका जागी तार मोकळी बोलू लागली आणि तिने “आला!” म्हणून ओरडल्यावरच तुम्ही वळलात. बरोबर की चूक हे तेव्हाही सांगितले नाहीत, फक्त पुढच्या तारेचे सूत तिच्या तळहातावर ठेवलेत.

त्या गंधाराचा हिशेब तिने नंतर घरी स्वतः मांडला, आणि तुम्ही तो विचारला होता म्हणून इथे लिहिते. कंप पावणारी तार मूळ वारंवारतेच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे सहायक नादही त्याच वेळी देत असते. खर्जाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या षड्जाच्या, तारेत चौपटीला पुन्हा षड्जच येतो आणि पाचपटीला गंधार. गवई त्यालाच स्वयंभू गंधार म्हणतात. आता, तार जिथे छेडावी तिथे ज्या सहायक नादाचे कंपन शून्य असते तो नाद उमटू नये, असा नियम आहे. म्हणजे बरोबर मध्यावर छेडलेल्या तारेतून दुपटीचा आणि चौपटीचा नाद ऐकू येता कामा नये. तंबोऱ्यात तो ऐकू येतो आणि रामन यांनी नेमके हेच टिपले होते. कंप पावताना तार घोडीच्या बाकावर क्षणोक्षणी टेकते आणि सुटते, त्यामुळे तिची ऊर्जा खालच्या नादांकडून वरच्या नादांकडे वळत राहते आणि आवाज छेडल्यानंतर फुलतो. तार बाकावर नेमकी कशी टेकावी, हे सुताच्या जागेवर ठरते. हे गणित कळायला तिला वेळ लागला, पण ते तिला परके वाटले नाही, कारण ती जागा तिच्या बोटांना आधीच ठाऊक होती.

हे मिरजेत घडावे यात नवल काहीच नाही. शस्त्रांना धार लावणारे शिकलगार एकोणिसाव्या शतकात तिथे तंतुवाद्यांकडे वळले, पंढरपूरच्या परिसरातला भोपळा तिथे येऊन तंबोरा झाला, आणि किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेबांनी तिथेच घर केले. श्रुतींच्या, म्हणजे स्वरांमधल्या सूक्ष्म अंतरांच्या, मोजमापाचा ध्यास घेतलेल्या सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांच्या कामाला खाँसाहेबांनी आपल्या गळ्याची साथ दिली होती. म्हणजे गवई आणि मोजणारा एकत्र बसण्याची रीत त्या भागात शंभर वर्षांपूर्वीच होती. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. तरीही आसपासच्या शाळांच्या सहली वॉटर पार्कलाच जातात. मुलांनी पाण्यात जरूर डुंबावे, पण ज्या बसमधून ती जातात तिने वाटेत तासभर तुमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबायला काय हरकत आहे, हे मला अजून कुणी सांगितलेले नाही. अर्थात पन्नास मुले एकदम दुकानात शिरली तर तुम्ही काय म्हणाल, हेही विचारायला हवे.

हातातले काम बाजूला ठेवून एका अनोळखी मुलीला वेळ देण्यात तुमचे नुकसानच होते, आणि तुम्ही ते बोलूनही दाखवले नाहीत. मोठ्या माणसांनी लहानांशी असे वागावे, ही अपेक्षा आम्ही इतकी सोडून दिली आहे की निघताना मला साधे ‘आभारी आहे’ म्हणायचेही सुचले नाही. ते आता म्हणते.

मुलीचा पुढचा प्रश्न तयार आहे: तबली, म्हणजे भोपळ्यावर बसवलेली लाकडी फळी, जाड ठेवली तर आवाजात काय फरक पडतो? दिवाळीच्या सुट्टीत आम्ही येऊ. तुम्ही कामात असलात तर तसे मोकळेपणी सांगा; आम्ही बाहेर बसू आणि ती गिऱ्हाइकांच्या तारा ऐकत राहील.

तुमची ऋणी,
तंबोरा घेऊन आलेल्या मुलीची आई